डावीकडची भिंत

१

अहवालात एक वाक्य आहे. ते मला तोंडपाठ आहे, कारण आमचे बाबा ते कालपर्यंत रोज सकाळी चहा पिता पिता मोठ्याने वाचायचे. ‘सदर कर्मचाऱ्याने बोटात धातूची अंगठी असताना निषिद्ध क्षेत्रात प्रवेश केल्यामुळे अपघात घडला.’ वाचून झालं की कागद घडी करून खिशात ठेवायचे, चष्मा काढायचे आणि मला विचारायचे, “अंगठी काढली नव्हती का गं त्यानं?”

सदर कर्मचारी म्हणजे माझा भाऊ. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, म्हणून घरात धाकट्या, आणि मी त्याच कारखान्यात आधी लागले होते म्हणून तिथेही धाकट्याच.

“काढली होती, बाबा.”

“मग असं का लिहिलंय?”

“खोटं लिहिलंय.”

“छापलंय की गं.”

बाबांनी त्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. शेवटची दहा वर्षं ते डाव्या चुंबकावर होते, तिथे उभा राहिलेला पहिला माणूसच ते. अंगावर धातूचा कण ठेवून आत जायचं नाही, हे त्यांनी आम्हा दोघांना अक्षरं शिकवावीत तसं शिकवलं होतं. आणि त्यांच्या खिशात छापील कागद होता, की तुमचा मुलगा तेवढंही शिकला नाही. माणूस गेला तो गेलाच, वर त्याच्याच माथी खापर. संताप संताप होतो माझा. आजही, हे लिहिताना, पेन कागदात रुततंय.

कालच्या प्रकारावर आता दुसरा अहवाल येईल. तो येण्याआधी मी माझा लिहून ठेवते आहे. माझ्याकडे शिक्का नाही, पण काय पाहिलं ते मला नीट आठवतं.

२

आमच्याकडे वितळलेल्या ॲल्युमिनियमचा थेट पत्रा ओततात. दोन जाडजूड रूळ शेजारी शेजारी आडवे, आतून पाण्याने गार केलेले, एकमेकांच्या दिशेने फिरणारे. वरून त्यांच्या मधल्या खाचेत रस सोडायचा (वितळलेल्या धातूला आम्ही रसच म्हणतो) आणि खालून पत्रा निघतो. अडचण असते ती दोन टोकांची. खाचेला डावीउजवीकडे भिंत नाही, रस तिथून बाहेर यायला बघतो. पूर्वी तिथे भाजलेल्या मातीच्या पाट्या लावायचे. त्या झिजायच्या, त्यांचे कपचे पत्र्यात जायचे. मग चुंबक आले. तांब्याचं मोठं वेटोळं टोकाशी बसवायचं, त्यात उलटसुलट वीज खेळवायची, आणि ते रसाला न शिवता आत ढकलून धरतं. वेटोळं आणि रस यांच्यामध्ये काही नसतं. चार बोटं मोकळी हवा, आणि पलीकडे रस भिंतीसारखा उभा, आरशासारखा लख्ख. नवा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा हटकून विचारतो, “याला धरलंय कोणी?”

चुंबकाभोवती जमिनीवर पिवळी रेष आहे. रेषेच्या आत अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, काही चालत नाही. चुंबक चालू असताना धातू अंगावरच तापतो आणि कातडी सोलून काढतो. म्हणून रेषेबाहेर कप्प्यांचा लाकडी खोका ठेवलाय, एक खिळासुद्धा न मारता नुसता सरसाने जोडलेला. ज्याचं त्याने आपल्या कप्प्यात टाकायचं. धाकट्याचा कप्पा चौदा नंबर.

रेषेच्या आत डावीकडे एक माणूस लागतोच. तिथल्या खांबावर हिरवं बटण आहे, ते मिनिटाला एकदा दाबावं लागतं. नाही दाबलं तर रस येणं आपोआप थांबतं. बाबांच्या काळापासून आणखी एक रीत होती. एक जुनी कपाटाची किल्ली दोऱ्याला बांधून रेषेवरून चुंबकासमोर धरायची. चुंबक चालू असेल तर किल्ली दोऱ्याला ओढ देत भुंग्यासारखी घुमते. मग भिंतीवर पडदा आला, त्यावर हिरवा दिवा आला, आणि किल्लीची रीत म्हाताऱ्यांचं खूळ ठरली. धाकट्या मात्र किल्ली धरायचा. त्या दिवशीही धरली होती, पण ती सुरुवातीला. मधेच काय झालं ते किल्ली कशी सांगणार?

त्या दिवशी तो भाजला. त्याला झोळीत घालून नेत होते तेव्हा दुसऱ्या माणसाला बटणावर उभं केलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. ओतकाम एक मिनिटही थांबलं नाही. रस सांडला नाही, अर्थात चुंबक चालू होता, अर्थात चूक माणसाची. इतकं सरळ गणित मांडलं त्यांनी. आणि अंगठी चौदा नंबरच्या कप्प्यात होती. मी सुरक्षा अधिकाऱ्याला हाताला धरून नेऊन दाखवली, तर म्हणतो कसा, “नंतर कोणीतरी आणून टाकली असेल.”

ती आमच्या आईची अंगठी. मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं, अहवाल दुरुस्त होईपर्यंत ती इथून हलणार नाही.

३

माझं काम पत्र्याचा काठ बघण्याचं. रूळांपासून चाळीस पावलांवर माझं टेबल आहे. थंड होऊन आलेला पत्रा त्यावरून सरकतो, मी दिव्याखाली दोन्ही काठ बघते आणि बोटांनी चाचपते. बावीस वर्षं तेच करतेय. चुंबकाने धरलेल्या काठावर एक बारीक लहर उमटते, करवतीच्या दातांसारखी, एकसारखी. डोळे मिटूनही सांगेन.

अपघातानंतर आठवडाभराने मी कामावर परतले. उजवा काठ नेहमीचा होता. डावा गुळगुळीत.

आधी वाटलं, बरं झालं, कोणीतरी चुंबक दुरुस्त केला. मग दोनशे चौदा मीटरवर डाव्या काठाला खळगे आले. चार जवळजवळ, पाचवा जरा खाली, तिरका. पुढे पुन्हा गुळगुळीत. मग तिथून एकशे नव्वद मीटरवर तसेच, पण उलट बाजूने.

पत्र्यावरचा कुठलाही डाग पहिल्यांदा रूळावर ढकलायचा, हे आम्ही शिकलेलो. रूळाला टवका उडाला असेल तर खूण रूळाच्या प्रत्येक फेऱ्याला येणार, म्हणजे बरोबर अडीच मीटरवर. ही अडीचवर येत नव्हती, कशावरच येत नव्हती. पाण्याचा दाब तपासला, रसाची पातळी तपासली. भट्टीवाल्याने माझ्या टेबलाशी येऊन बघितलं आणि हसून म्हणाला, “ताई, कोणीतरी हात बदलल्यासारखं दिसतंय.”

मीही हसले. मग तो गेल्यावर खळग्यांवर आपली बोटं ठेवून बघितली. माझ्या हातापेक्षा मोठा हात होता. आणि करंगळीचा खळगा आत वळलेला होता.

मी तो तुकडा कापून भंगारात टाकला.

४

अंगठीला मी रोज हात लावायची. कामावर येताना एकदा, जाताना एकदा. सकाळी ती लाकडाइतकीच गार असायची. एका दुपारी ओतकाम चालू असताना सहज बोट लावलं, तर ती गरम लागली. कोणाच्यातरी बोटातून नुकतीच काढल्यासारखी नाही, चहाच्या पेल्याइतकी.

मी शेजारच्या कप्प्यातलं घड्याळ चाचपलं, ते गार होतं. पंधरा नंबरची चावी गार, तेरा नंबरचं कडं गार. छतातून ऊन येत असेल म्हणून वर बघितलं, तर वर पत्रा. ओतकाम थांबलं आणि पाच मिनिटांत अंगठीही गार झाली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. मी वेडी आहे असं समजायलाही माझी हरकत नव्हती, त्यातून निदान बाकीचं सगळं सुटलं असतं.

वायरमन आमच्याच गल्लीतला. मोजकं बोलणारा, पिचक्या आवाजाचा माणूस. त्याला म्हटलं, डावा चुंबक जरा बघ. तो जेवणाच्या सुट्टीआधी, ओतकाम चालू असताना, मागच्या बाजूने गेला आणि लगेच परत आला. विचारलं तर म्हणाला, “ताई, तो माठासारखा गार आहे.”

“म्हणजे?”

“एवढी वीज खेळते त्यात. पाणी फिरवूनही वेटोळं पोळतं. हे गार आहे. मागची केबल जळून तुटलीय, टोकं काळी पडलीत. जुनं जळणं आहे, धूळ बसलीय वर.” त्याने हात पँटला पुसले. “अपघातापासूनचं असणार.”

“मग पडद्यावर हिरवा दिवा कसा?”

“दिवा स्विचवर लागतो. स्विच चालू आहे. पुढे वीज जाते की नाही, हे दिव्याला कोणी विचारलंय?”

“आणि रस?”

वायरमनने माझ्याकडे बघितलं, मग आपल्या चपलांकडे. “रस उभा आहे,” तो म्हणाला. “मला बाकीचं काही विचारू नका.”

५

मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे ओतकाम विभागाचे मुख्य, अहवालावर ज्यांची सही आहे ते. तक्रार करताना माझा आवाज चढतो हे मला ठाऊक आहे, म्हणून घोट घोट पाणी पिऊन बोलले. डावा चुंबक अपघाताच्या दिवशीच बंद पडला, केबल जळलेली आहे, चला आणि बघा, आणि ते अंगठीचं वाक्य खोडा.

“अहो बाई,” साहेब म्हणाले, “चुंबक बंद असता तर रस सांडला असता. सांडला का?”

“नाही.”

“आज सांडतोय का?”

“नाही.”

“मग चाललंय ना? चालत्या यंत्राला हात लावायचा नाही, हे तुमच्या वडिलांनीच शिकवलंय आम्हाला.”

वडिलांचं नाव काढलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरा राग मला पुढच्या आठवड्यात आला. डावा चुंबक पूर्वी फार तापायचा. दर दोन तासांनी ओतकाम थांबवून त्याला निववावं लागायचं. धाकट्याने त्याबद्दल तीन अर्ज दिले होते, तिन्ही फाइलला लागले. आता चुंबक तापतच नाही असं दिसल्यावर साहेबांनी काय करावं? केबल बघावी? छे! त्यांनी थांबणंच बंद करून टाकलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग ओतकाम, मग दोन दिवस सलग, मग तीन. विभागाच्या फलकावर अभिनंदनाचा कागद लागला.

आणि माझ्या टेबलावर खळगे जवळ जवळ येत गेले. दोनशे मीटरचे एकशे दहा झाले. मग साठ. मग तीस. कोणीतरी जड वस्तू धरून उभं आहे, हात भरून आलेत, या हातावरचा भार त्या हातावर घेतंय, आणि उसंत म्हणून मिळत नाहीये. मी आकडे वहीत लिहीत गेले. लिहिताना मला रडू येत नव्हतं, दात आवळले जात होते.

सलग ओतकामाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बारा मीटर. दुपारी नऊ.

६

इथे एक सांगायला हवं.

मी चौदाची, तो आठचा असताना मी शिडी लावून मागच्या भिंतीवर चढले होते. पलीकडे मैत्रिणीचं घर. त्याला म्हटलं, शिडी धर, आणि मी पलीकडे उडी मारून गेले ती गेलेच. तीन तासांनी पुढच्या दाराने घरी आले तर हा भर उन्हात शिडी धरून उभा. ओठ सुकलेले, पाय लटपटतायत. मला बघून रडला नाही, चिडला नाही. एवढंच विचारलं, “ताई, सोडू का?”

असा होता तो. एकदा धरलं की सांगितल्याशिवाय सोडायचा नाही. दारात सापडून त्याची करंगळी वाकडी झाली तीसुद्धा अशीच, मी धर म्हटलेलं दार वाऱ्याने मिटलं तेव्हा.

दवाखान्यात तो तीन दिवस होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, आणि ते हात तो खाली ठेवायचा नाही. उशीवर पडल्या पडल्या पुढे धरलेले, तळवे समोर. नर्सने हळूच खाली केले की पुन्हा वर. तो अजून यंत्रावरच होता. शेवटच्या दिवशी दुपारी त्याने मला ओळखलं आणि विचारलं, “ताई, सोडू का?”

मला वाटलं, याने आता हात सोडले की हा गेलाच. मी त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, “थांब रे. सोडू नकोस. मी सांगेन तेव्हा सोड.”

तासाभराने तो गेला. हात पुढेच होते. ते खाली आणायला दोघांना जोर लावावा लागला.

७

काल साडेतीनला मी बदली माणूस न ठेवता टेबल सोडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. साहेब कोणा पाहुण्याला वाटेला लावून परत येत होते, त्यांना आडवी गेले.

“पाच मिनिटं चला. मी चुकीची निघाले तर उद्यापासून येणार नाही.”

बहुधा त्या लोभाने ते आले.

डावीकडे बटणावर हल्ली चष्मा असतो. पोरगी लग्नाला आलेला गरीब माणूस, जाड भिंगांचा, म्हणून चष्मा. तो हल्ली रसाकडे पाठ करून उभा राहतो आणि मागे हात नेऊन बटण दाबतो. मी खोक्यापाशी थांबून केसांतल्या पिना काढून ठेवल्या. साहेब बोलता बोलता सरळ पिवळी रेष ओलांडून आत गेले. मनगटात त्यांचं ते भलंमोठं पोलादी घड्याळ. बोटात अंगठी.

मी ओरडले नाही. खिशातून किल्ली काढली, दोरा सोडला आणि उजव्या चुंबकासमोर धरली. किल्ली ताणून घुमायला लागली. मग डावीकडे येऊन धरली. ती ओळंब्यासारखी सरळ लोंबकळत राहिली. समोर रस उभा होता, माझ्या डोक्याइतक्या उंचीला.

“साहेब, तुमच्या मनगटाला चटका बसला का?”

ते घड्याळाकडे बघत राहिले. सेकंदकाटा शांतपणे फिरत होता. अंगठीही त्यांनी दुसऱ्या हाताने चाचपली. मला वाटतं, आपण कुठे उभे आहोत हे त्यांना तेव्हा कळलं.

“माझा भाऊ अंगठी घालून आत गेला म्हणून मेला, असं तुम्ही लिहिलंत,” मी म्हणाले. “अंगठी घालून तुम्ही आलात. बघा, काही होत नाही. कारण चुंबक मेलाय. अपघाताच्या दिवसापासून मेलाय. तुमचा पडदा खोटा, तुमचा कागद खोटा!”

“मग हे...” साहेबांनी रसाकडे बोट केलं. “हे उभं कसं आहे?”

उजवीकडे चुंबकाची गुणगुण ऐकू येत होती. डावीकडे काहीच आवाज नव्हता. रसाच्या आरशात आमची प्रतिबिंबं पडली होती, भट्टीच्या उजेडात तांबूस. साहेब, चष्म्याची पाठ, मी. मी मोजली, सवयच आहे मोजायची. चार होती. चौथं सगळ्यांच्या पुढे होतं, मान खाली घातलेलं, दोन्ही हात पुढे. त्या जागेत चार बोटांपलीकडे काही मावत नाही.

मग रसात पाच खळगे आत दबले, सावकाश. शेजारी आणखी पाच. पहिले पाच भरून आले. नवे थरथरत होते.

भिंत वरच्या अंगाला किंचित बाहेर झुकली.

“थांब रे,” मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. “थोडं थांब. साहेबांना सही करू दे.”

भिंत सरळ झाली.

हे मी लिहिलं नसतं तरी चाललं असतं. पण दुसऱ्यांच्या अहवालाला नावं ठेवायची तर आपलं लपवून कसं चालेल? साहेबांनी त्याला राबवलं म्हणून मी दात खात होते, आणि सहीपुरतं मीही राबवलं.

रेषेबाहेर, खोक्याच्या झाकणावर कागद ठेवून साहेबांनी लिहिलं. ‘अंगठी काढलेली होती. डावा चुंबक बंद होता.’ मी म्हटलं, ओतकाम आत्ता बंद करा. ते म्हणाले, भट्टीत रस भरलेला आहे, एकदम थांबवला तर आतच गोठेल, पाचपर्यंत रिकामी करतो. “मग लिहा,” मी म्हटलं. “आणि तोवर बटणावर कोण? चष्मा माझ्याबरोबर बाहेर येतोय.” त्यांनी तेही लिहिलं. ‘पाचला ओतकाम बंद. तोपर्यंत बटणावर मी स्वतः.’ खाली सही.

मी अंगठी घेतली. ती तेव्हा हातात धरवत नव्हती, रुमालात बांधली. कागद पदरी पडला होता, चारला शिफ्ट सुटत होती, आणि बाबांना कधी एकदा वाचून दाखवते असं झालं होतं. मी मागे वळूनही बघितलं नाही.

८

बाबा फिरून सहाला आले. मी टेबलावर कागद मांडून ठेवला होता, शेजारी रुमालाची पुरचुंडी. त्यांनी चप्पल काढायच्या आधी कागद घेतला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं. मग खुर्चीत बसले आणि तोंडावरून हात फिरवला.

“काढली होती त्यानं,” ते म्हणाले.

“काढली होती, बाबा.”

“मी म्हणतच होतो.”

म्हणत नव्हते ते. पण माझेही डोळे भरून आले होते. चाळीस दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला स्वतःहून पाणी दे म्हटलं. मी पाणी आणेपर्यंत ते पुन्हा कागदावर वाकले होते.

“डावा चुंबक बंद होता, असं लिहिलंय.”

“हो.”

“मग रस कोणी धरला होता?”

दहा वर्षं त्या जागी उभा राहिलेला माणूस तो. त्यांना काय सांगायचं, काय झाकायचं? मी सगळं सांगितलं. काठ, खळगे, करंगळी, आरसा. दवाखान्यातलंही सांगितलं, जे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. ऐकता ऐकता रुमालाची गाठ सोडली आणि अंगठी तळहातावर घेतली.

“ही गरम का आहे गं?”

मला वाटलं, रुमालात ऊब राहिली असेल. मी बोट लावलं आणि मागे घेतलं. दुपारपेक्षा गरम होती.

“मग नंतर तू त्याला सांगितलंस का?” बाबांनी विचारलं.

“काय?”

“सोड म्हणून. मी सांगेन तेव्हा सोड, असं म्हणाली होतीस ना?”

ऊन, शिडी, आणि भिंतीपलीकडे मैत्रिणीच्या घरी बसलेली मी. कागद मिळाला आणि मी घरी निघून आले होते.

बाबांनी अंगठी मुठीत मिटली. चटका बसत असणार, पण मूठ उघडली नाही. लहानपणी आम्ही अंधार पडेपर्यंत खेळत राहिलो की ते दारातून ज्या आवाजात हाक मारायचे, त्याच आवाजात खिडकीकडे बघून म्हणाले, “बस झालं रे बाळा. सोड आता. चल घरी.”

जरा वेळाने त्यांनी मूठ उघडली. तळहातावर लाल गोल उठला होता. अंगठी गार होती, टेबलाच्या लाकडाइतकी.

मी घड्याळ पाहिलं, ती एक सवयच. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ओतकाम पाचला बंद होणार होतं. बटण मिनिटाला एकदा दाबल्याशिवाय यंत्र चालत नाही, आणि पाचनंतर तिथे कोण उभं होतं ते अहवालवाल्यांनी शोधून काढावं. मला एवढंच माहीत आहे की चष्मा घरी होता, आणि कागदावर काय लिहिलंय ते माझ्याकडे आहे.

मग कारखान्याकडून भोंगा सुरू झाला. तुटक तुटक, न थांबणारा. बाबांनी कान दिला.

“हा काही शिफ्टचा भोंगा नाही,” ते म्हणाले.

“त्याच्या शिफ्टचा आहे, बाबा,” मी म्हणाले. “संपली त्याची.”